ज्याचं रान, त्याचं जेवण

मी, शुभा दिगंबर शितोळे, वय त्र्याहत्तर, वीज कंपनीतून निवृत्त झालेली इंजिनिअर, राहणार एडिसन, न्यू जर्सी, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्याने शेजारच्या शैलजाला विचारावं. परवाच पत्त्यांच्या डावात तिने लपवलेली राणी मी पकडली. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करायला आलेला माणूस, म्हणजे माझा मुलगा नकुल, सामान भरायची खोकी आणायला दुकानात गेला आहे, तेवढ्यात लिहून घेते.

माझे वकील संजय म्हणाले, "काकू, तुम्ही मराठीत मनासारखं लिहा, मी त्याचं कोर्टाच्या इंग्लिशमध्ये करतो." संजय, टोमणे गाळायचे नाहीत.

कलम एक. देह. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डॉक्टर डिसेंबरात ती बदलणार आहेत. मी त्यांना सांगितलं, मी जन्मभर लोकांचे ब्रेकर बदलले, आता माझी पाळी. बहुधा मी त्यातून उठेन आणि हा कागद फुकट जाईल. नाहीच उठले तर विद्युतदाहिनी. रांगेत उभं करून भाषणं ठोकू नयेत. आलेल्या माणसांना आधी जेवू घालावं.

कलम दोन. घर. माझ्यामागे हे घर विकावं आणि येतील ते पैसे नकुलला द्यावेत. मला दुसरा उपाय दिसत नाही. नकुल आणि सूनबाई नीना राहतात पश्चिम किनाऱ्याजवळच्या बॉथेलला, तीन हजार मैलांवर. तो म्हणतो, "आई, प्लीज प्रॅक्टिकल हो. ऑपरेशननंतर तू एकटी राहणार नाहीस, आमच्याकडे यायचं. आणि हे घर आहे, हॉटेल नाही." त्याचं चुकतं असं नाही. त्याला आईची काळजी आहे. मला तळघराची काळजी आहे.

कलम तीन. तळघर आणि त्यातल्या गाद्या. हे नीट सांगायला हवं, नाहीतर गाद्या इतक्या का, असा प्रश्न कोर्टाला पडेल.

निवृत्त झाल्यावर, २००१ साली, एका जुन्या सहकाऱ्याने मला गळ घातली. लहान लहान बेटांचे देश न्यू यॉर्कला युनोच्या बैठकांना येतात, त्यांच्या विजेच्या योजना जरा तपासून दे. मी म्हटलं, देते. मग कळलं, या मंडळींना मॅनहॅटनचं हॉटेल परवडत नाही. अख्ख्या देशाची कचेरी म्हणजे दोन माणसं आणि एक फॅक्स मशीन. मी त्यांना म्हटलं, माझं तळघर रिकामं आहे आणि एडिसनहून थेट ट्रेन आहे. तेव्हापासून दर शरद ऋतूत बेटांची माणसं माझ्याकडे उतरतात, सकाळी डबा घेऊन ट्रेन पकडतात आणि संध्याकाळी भांडत परत येतात. माझा नवरा दिगंबर असेपर्यंत तो दाराशी उभा राहून प्रत्येकाला त्याच्या देशाची लोकसंख्या विचारायचा आणि म्हणायचा, आमच्या सोसायटीत याहून जास्त आहेत. तो गणिताचा प्रोफेसर. त्याला घरातला फ्यूज कधी बदलता आला नाही, पण माणसं मोजायला आवडायची.

बेटांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. सरकारी नोकरीतली माणसं आहेत, कोणाच्या अंगाशी यायला नको. दोघांना मात्र नावाने ओळखा. मार्वा ही कॅरिबियनमधल्या एका बेटाची वीज-अधिकारी, आवाज शाळेच्या घंटेसारखा. टेविता हा पॅसिफिकमधल्या बेटाचा, सहा फूट उंच, जिना उतरताना रोज एकाच तुळईला डोकं आपटतो. दोघंही मला काकू म्हणतात. ती इंग्लिशमध्ये बोलतात, मी मराठीत लिहिते.

त्यांचं भांडण असं. प्रत्येक बेटावर सोलरचं काम येणारी माणसं दोन, फार तर तीन. बाहेरची कंपनी पॅनेल लावून निघून जाते. वर्षाने इन्व्हर्टर बंद पडतो, आणि तो उघडणारा माणूस विमानाने यायला महिने लागतात. तोवर वादळ येऊन पॅनेलच उडवून नेतं. एका संध्याकाळी माझ्या टेबलावर ठरलं, की सगळ्यांनी मिळून पैसे मागायचे. मग पहिली मदत कोणाला, यावर मार्वा आणि टेविता असे तंडले, की वरणाचं भांडं मी मधून उचलून घेतलं.

तेव्हा मी त्यांना इरजिकाची गोष्ट सांगितली. माझे वडील फलटणजवळ शेती करायचे. पेरणीआधी एकट्याच्या बैलांनी रान उरकायचं नाही. मग सांगावा जायचा आणि गावातले लोक आपापले बैल आणि नांगर घेऊन यायचे. एका दिवसात रान तयार. मजुरी नाही. ज्याचं रान, त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. आणि जो जेवला त्याने पुढच्याच्या रानात जायचं. हे कुठे लिहिलेलं नसायचं. जेवलेला माणूस येणार म्हणजे येणारच.

"पण पहिलं रान कोणाचं?" टेविताने विचारलं.

"ज्याचा वाफसा आधी जाईल त्याचं," मी म्हटलं. वाफसा म्हणजे जमिनीत पेरणीपुरती असलेली ओल. ती गेली की बैल नुसते दमतात. "तुमच्याकडे वादळं कधी सुरू होतात?"

मार्वा म्हणाली, जूनमध्ये. टेविता म्हणाला, नोव्हेंबरमध्ये. मी ओक ट्री रोडच्या किराणा दुकानाचं लक्ष्मीचं कॅलेंडर भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलं. वसंतात सगळे कारागीर मार्वाकडे, ऑगस्टात सगळे टेविताकडे, बाकीचे देश त्यामधल्या महिन्यांत. सुटे भाग सगळ्यांनी एकाच जातीचे घ्यायचे, म्हणजे एकाचा इन्व्हर्टर बंद पडला तर दुसऱ्याकडचा चालेल. भांडायला काही उरलंच नाही. दोघंही जरा हिरमुसले.

पहिल्या खेपेला घोटाळा झालाच. मार्वाच्या बेटाने आलेल्यांच्या गळ्यात हार घातले आणि दोन दिवस भाषणं केली. टेविताचा फोन आला, "काकू, ही माणसं मला स्क्रू-ड्रायव्हरला हात लावू देत नाहीत. मी पाहुणा आहे म्हणतात." मी मार्वाला फोनवर घेतलं. म्हटलं, इरजिकाला आलेला माणूस पाहुणा नसतो, तो थेट रानात जातो, आणि मालकाने त्याच्या पुढे राबायचं असतं. दुसऱ्या दिवशी मार्वाने त्यांच्या मंत्र्यालाच शिडी धरायला लावली. पुढच्याच पावसाळ्यात तिथे मोठं वादळ आलं. दवाखान्याच्या छपरावरचं एकही पॅनेल हललं नाही, आणि बेटावर अंधार असताना लसींचा फ्रिज चालू राहिला. त्या दिवशी मी एकटीने शिरा करून एकटीने खाल्ला.

गाद्या या माणसांच्या आहेत. घर विकलं तर त्या टेविताच्या बेटाला पाठवाव्यात. मग ही मंडळी कुठे उतरतील आणि कुठल्या टेबलावर भांडतील, ते मला सुचत नाही. हॉटेलच्या लॉबीत असं भांडता येत नाही.

कलम चार. हत्यारं. माझा मल्टिमीटर, पक्कडी आणि इन्सुलेटेड हातमोजे नात नेत्राला. तिला शिकवायला कोणी नसेल तर टेविताला फोन करावा. बँकेतली शिल्लकही तिच्या शिक्षणाला. यंदा ती समुद्री जीवशास्त्र शिकणार म्हणते, मागच्या वर्षी सर्कसमध्ये जाणार होती. माझी दोन्हीला संमती आहे.

कलम पाच. पुरणयंत्र. हे शैलजाने होळीला नेलं आणि दांडा मोडून परत आणलं. दांडा आधीच तसा होता, असं ती आजही म्हणते. पुरणयंत्र कोणालाही द्यावं, शैलजाला देऊ नये. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळता कामा नये, असं संजय म्हणाले, तेव्हा पहिली साक्षीदार शैलजाच असावी.

इथपर्यंत गुरुवारी लिहिलं. पुढचं रविवारी लिहीत आहे, कारण काल शनिवारी जे घडलं त्यानंतर मृत्युपत्र तसंच ठेवणं खोटेपणाचं होईल.

काल सकाळी मी पोहे परतत होते. नकुल हॉलमध्ये खोकी बांधत होता. अकरा वाजता घराची किंमत ठरवायला विनीता नावाची ब्रोकर येणार होती. बाहेर दोन व्हॅन थांबल्या. मार्वा हेल्मेट घालून उतरली. मागून टेविता दोरखंड घेऊन, आणि तळघरातली बाकी मंडळी पॅनेल धरून. पोहे खाऊन घ्या म्हणायला मी बाहेर गेले.

"काकू, तुमच्या वडिलांचा नियम परत सांगा," टेविता म्हणाला. "इरजिकात जेवण कोण घालतं?"

"ज्याचं रान तो."

"आम्ही सहा वर्षं तुमच्याकडे जेवतोय. तुमचं रान कुठे आहे?"

माझ्या घरात पाहुण्याने कप विसळला तरी मी तो हातातून काढून घेते. मार्वाच्या लोकांवर मी फोनवरून ओरडले होते, पण सहा वर्षं मी तेच करत होते. टेविताने बोट वर केलं. माझं छप्पर दक्षिणेकडे उतरतं, त्यावर दिवसभर ऊन असतं, आणि हे मला, इंजिनिअर बाईला, कधी दिसलं नव्हतं.

परवानग्यांचं काय, असं मी विचारलंच. त्या संजयनी काढल्या होत्या. ऑगस्टात त्यांनी माझी एका कागदावर सही घेतली. झडपेच्या काळजीत मी तो वाचला नाही. पॅनेलसाठी कोणी किती पैसे घातले, असं विचारल्यावर मार्वा म्हणाली, "इरजिकात असं विचारतात का?"

नकुल दारात आला. "आई, व्हॉट इज गोइंग ऑन? ब्रोकर येतेय."

मार्वाने त्याच्या हातात हातमोजे दिले. "तू शेतकऱ्याच्या मुलीचा मुलगा ना? मग पुढे हो. घरच्या माणसाने सगळ्यांच्या पुढे राबायचं. तुझ्या आईनेच शिकवलंय."

माझा मुलगा बॉथेलला खुर्चीत बसून सॉफ्टवेअर लिहितो. तो शिडीपाशी दोन मिनिटं उभा राहिला आणि मग चढला. टेविताने त्याला दोर बांधला. थोड्या वेळाने वरून दोघांच्या हसण्याचा आवाज आला. मी त्याला असं हसताना दिगंबर गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

मी पिठलं टाकलं. शैलजा न बोलावता आली, पदर खोचून भाकऱ्या थापायला बसली आणि शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत उठली नाही. कलम पाच तरीही तसंच राहील. ब्रोकर अकराला आली, वर बघितलं, आणि तिलाही भूक लागलेली होती. सगळे ड्राइव्ह-वेवर ताटं मांडीवर घेऊन बसले. मार्वाला ठेचा झोंबला आणि तिने अजून मागितला. वीज चालू करायची सगळ्यांना घाई होती. मी म्हटलं, मंगळवारी टाउनचा इन्स्पेक्टर सही करेल, तोवर स्विचला कोणी हात लावायचा नाही. टेविता नकुलला म्हणाला, "आमच्या बेटावर पण ही बाई फोनवरून हेच करते." मी त्याला आणखी एक भाकरी वाढली. मला फार बरं वाटत होतं. एवढी माणसं माझ्यासाठी राबली आणि मी त्यांना थांबवलं नाही, हे मला पहिल्यांदाच जमलं.

जेवण झाल्यावर नकुल माझ्याजवळ येऊन बसला. त्याचे हात काळे झाले होते आणि अंगठ्याला पट्टी होती.

"आई, तुझ्या त्या विलमध्ये घराचं काय लिहिलंयस?"

"विकायचं. तूच म्हणालास."

"ते खोड. विंटरमध्ये तू आमच्याकडे राहा, ऑपरेशन होऊन नीट बरी हो. यांच्या मीटिंग्ज असतील तेव्हा आपण इथे येऊ. नेत्रालाही आणू."

"आणि माझ्यामागे?"

त्याने रिकामं ताट माझ्यासमोर धरलं. "मी जेवलोय ना, आई."

म्हणून कलम दोन खोडलं आहे. त्याऐवजी हे वाचावं.

कलम दोन. घर नकुलला, तळघर आणि गाद्यांसकट. यावर मी अटी घालणार होते: कोणाला उतरवायचं, किल्ली कोणाकडे ठेवायची, वरणात मिरची किती. कागदभर अटी तयार होत्या. त्यातली एकही घालत नाही. तो जेवला आहे.

सही: शुभा दिगंबर शितोळे

साक्षीदार:
१. शैलजा (दांडा आधीच मोडका होता, असं लिहिल्याशिवाय सही करणार नाही म्हणाली, म्हणून लिहू दिलं)
२. विनीता (ब्रोकर, घर विकायला आली होती, पुढच्या शरद ऋतूत पोळ्या लाटायला येणार आहे)

स्थळ: एडिसन, न्यू जर्सी
तारीख: १४ ऑक्टोबर २००७