टाळ्यांच्या कार्यक्रमाची टेप आणि बाकीची मालमत्ता

मी, वय वर्षे बहात्तर, आधी बावीस वर्षे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या थिएटरचा वायरमन आणि नंतर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाचा मालक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर बसून लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर वीट आल्यामुळे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यावर शिक्का मारता मारता डॉक्टर म्हणाले, त्या टाळ्यांच्या कार्यक्रमाला मीही होतो बरं का. डॉक्टरांचे वय बघता ते त्या वेळी दुधाच्या बाटलीवर असणार. मी मूग गिळून गप्प बसलो, कारण त्यांची सही अजून व्हायची होती.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद काढून दाखवला तर तो खोटा समजावा आणि दाखवणाऱ्याकडे नीट बघून घ्यावे, तो बहुधा माझा भाचा असेल.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे दुकानाच्या वरच्या दोन खोल्या आणि गळकी गच्ची, माझ्या बहिणीला मिळावे. माझी बायको गेल्यापासून बहीण रोज जेवण पाठवते आणि त्यावरून तिने मला एकदाही ऐकवलेले नाही. अट एकच. तिच्या चिरंजीवांनी, म्हणजे वर सांगितलेल्या भाच्याने, या घरात गिटारचे चित्र, जुने पोस्टर किंवा झिपऱ्याचा (तो कोण ते कलम चौथ्यात) फोटो लावू नये. लावल्यास बहिणीने तो स्वतःच्या हाताने फाडावा. तिला ते चांगले जमते.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल तेही बहिणीलाच. किती आहे ते तिला ठाऊक आहे.

कलम तिसरे. दुकानातली हत्यारे, म्हणजे पकडी, टेस्टर, सोल्डर गन आणि दोन्ही मीटर, शेजारच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला द्यावीत. या रस्त्यावर यंत्र हातात घेतल्यावर 'मला माहीत आहे काय झालंय' असे न म्हणणारी तीच एक. ती आधी मीटर लावते आणि मग तोंड उघडते. खरे तर तिलाच साक्षीला बोलावणार होतो, पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही केली की त्याचे मिळणे रद्द होते. म्हणून साक्षीला समोरचा इस्त्रीवाला आणि वकीलबाईंचा कारकून. दोघांनाही माझ्याकडून काहीही मिळणार नाही, त्यांनी आशा ठेवू नये.

कलम चौथे. टेबलाच्या खालच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक माइक आहे. तो झिपऱ्याला द्यावा. झिपऱ्या म्हणजे हल्ली टीव्हीवर मुलाखती देतो तो रॉक गायक. झिपऱ्या गेल्या, नाव राहिले. महिन्यातून एका रविवारी, सकाळी दहा ते एक, आमच्या थिएटरमध्ये त्याच्या बँडचा कार्यक्रम असे. दीडला सिनेमाचा खेळ लागायचा आणि त्याआधी रिकाम्या खुर्च्या मालकाला बघवत नसत. लोक आता डोळे मिटून सांगतात, काय ती धुंदी, काय ते वातावरण. मी डोळे उघडे ठेवून सांगतो. शनिवारच्या खेळाला सांडलेल्या सरबताने चपला जमिनीला चिकटायच्या. मुतारी तुंबलेली असायची आणि ती मोकळी करायलाही वायरमनच लागायचा. झिपऱ्या गाताना माइक जवळजवळ तोंडात घालायचा आणि कार्यक्रमानंतर त्याची जाळी मी जुन्या टूथब्रशने साफ करायचो. त्या जाळीतून काय काय निघायचे ते कायदेशीर कागदावर लिहिण्याजोगे नाही. हा माइक मी शेवटच्या वेळी धुतलेला नाही. ज्याचे त्याला परत जावे.

कलम पाचवे. खुर्ची, रांग फ, क्रमांक चौदा, भाच्याला. थिएटर पाडून तिथे दुकानांची इमारत झाली. तिच्या तळमजल्यावर भाच्याने खाण्यापिण्याची जागा काढली आणि तिला थिएटरचेच नाव दिले. आयत्या बिळावर नागोबा. भिंती काळ्या, त्यांवर बिनतारांच्या गिटारी टांगलेल्या आणि काउंटरवर विकायला टी-शर्ट, त्यावर छापलेले: 'मी टाळ्या वाजवल्या.' चांगली शिकलेली माणसे ते अंगात घालून फिरतात. सभागृहात खुर्च्या तीनशे शहाऐंशी, त्यातल्या अकरा मोडक्या. 'आम्ही त्या दिवशी तिथे होतो' असे सांगणारी माणसे मला आजवर हजारावर भेटली असतील. कुठे बसली होती, माझ्या डोक्यावर? गेली दोन वर्षे भाचा माझ्याकडची त्या दिवसाची टेप मागतो आहे. एकदा तर करारनामा घेतलेला माणूसच वर घेऊन आला. त्याला टेप मिळणार नाही, खुर्ची मिळेल. तिची स्प्रिंग वर आलेली आहे. तीवर बसून त्याने एकदा पूर्ण तीन तास जुन्या दिवसांची आठवण काढावी.

कलम सहावे. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर गाणे नको आणि टाळ्या तर नकोतच. 'मामांना आपण टाळ्यांच्या ठेक्यात निरोप देऊ' असे भाचा म्हणालेला आहे. मी जिवंत असताना, माझ्यासमोर, तोंडात घास असताना. मला त्या टाळ्यांची किळस येते. का येते ते पुढच्या कलमात लिहितो. तिथे पोचायला मी सहा कलमे लावली, हे वकीलबाईंच्या नजरेतून सुटलेले नाही.

कलम सातवे. लोखंडी कपाटात, बायकोच्या शालीत गुंडाळलेली, टाळ्यांच्या कार्यक्रमाची टेप आहे. ती माझ्या धाकट्या भावाला मिळावी. तो त्या बँडचा ड्रमर होता. हे आता कोणाला आठवत नाही. टी-शर्टवरही त्याला जागा नाही, कारण त्या लाडक्या दिवशी घडले ते एवढेच की माझ्या भावाला भरल्या सभागृहासमोर हाकलून दिले.

कसे ते लिहितो. ड्रम वाजवणारा सगळ्यांच्या मागे बसतो आणि मोठ्या स्पीकरांची तोंडे लोकांकडे असतात. स्वतःच्या दणदणाटात त्याला गाणाऱ्याचे काही ऐकू येत नाही. म्हणून त्याच्याकडे तोंड करून एक वेगळा स्पीकर ठेवावा लागतो. पडद्याआड माझ्या जागेजवळ धड चालणारी सॉकेट दोनच. एकावर माझे साउंडचे टेबल, दुसऱ्यावर धाकट्याचा स्पीकर. एक्स्टेन्शन बोर्ड होता, तो मालकाने केबिनमधल्या पंख्यासाठी नेलेला. त्या रविवारी मी नवाकोरा टेपरेकॉर्डर आणला होता. बाहेर झिपऱ्याचा उदो उदो चालू झालेला होता आणि त्याचा आवाज कोणीतरी धरून ठेवला पाहिजे, तो मीच, असे माझ्या डोक्यात शिरले होते. एकच गाणे टेप करू आणि पिन परत लावू, असे मनाशी म्हणालो आणि धाकट्याच्या स्पीकरची पिन काढून तिथे टेपरेकॉर्डरची लावली.

हेडफोनमध्ये आवाज इतका स्वच्छ येत होता की एक गाणे झाले, दुसरे झाले. तिसऱ्यात धाकट्याने माझ्याकडे बघून काठीने कानाकडे खूण केली. मला वाटले, मस्त ऐकू येतंय असे म्हणतोय. मी अंगठा दाखवला. त्याने परत खूण केली. मी परत अंगठा दाखवला आणि हसलो. पहिल्या वेळी मला खरेच कळले नव्हते. दुसऱ्या वेळी कळले होते. तो हसरा चेहरा दाढी करताना आरशात अजून समोर येतो आणि त्याच्यावर थुंकावेसे वाटते.

चौथ्या गाण्यात झिपऱ्या घाईघाईने, भलत्याच ठिकाणी, कडव्यात शिरला आणि पुढे पळत सुटला. धाकट्याला ते ऐकूच गेले नाही. तो आपल्या ठेक्यात राहिला आणि लोकांना वाटले, ड्रमवाला चुकला. आधी शिट्ट्या आल्या, मग बाटल्या. झिपऱ्याने गाणे थांबवले आणि माइकमध्ये म्हणाला, "याला ठेका कळत नाही. तुम्हीच टाळ्या द्या, आपल्याला हा नकोय." लोकांनी दिल्या. सगळे सभागृह एका ठेक्यात टाळ्या वाजवत होते आणि माझा भाऊ काठ्या स्टुलावर ठेवून, खाली उतरून, मधल्या वाटेने त्या टाळ्यांतून चालत बाहेरच्या उन्हात गेला. हाच तो सोन्याचा दिवस. टेप चालूच होती. मी ती थांबवली नाही आणि भावाच्या मागेही गेलो नाही.

त्या दुपारी घरी त्याने मला एवढेच विचारले, "दादा, माझा स्पीकर चालू होता ना?"

"चालू होता," मी म्हणालो. "तुझाच ठेका सुटला."

घरात माझ्या कानावर सगळ्यांचा विश्वास. त्याचा सगळ्यांत जास्त. बारा वर्षांनी लहान माझ्याहून, पत्र्याच्या डब्यावर ठेका धरायला मीच शिकवले होते. त्याने माझे ऐकले. आठ दिवसांत ड्रम विकले, शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली आणि छापखान्यात मशीनवर लागला. भांडण झालेच नाही. झाले असते तर माझ्या तोंडून खरे बाहेर तरी पडले असते. एकतीस वर्षांत आम्ही तीनदा भेटलो आणि तिन्ही वेळा घरातले कोणीतरी गेलेले होते.

टेप मी एकदाच ऐकली, त्याच आठवड्यात. धाकट्याचा ठेका पहिल्या गाण्यापासून काठ्या खाली ठेवीपर्यंत तसूभरही हललेला नाही. कानाने काही कळत नसताना तो माणूस नुसत्या हातावर सरळ चालला होता. आणि मुळात ही टेप आहे, याचाच अर्थ त्याची पिन निघालेली होती. माझ्याइतका घाणेरडा वायरमन त्या घाणेरड्या थिएटरात दुसरा नव्हता. हे कलम माझ्या मृत्यूनंतर वकीलबाईंनी धाकट्याच्या घरी जाऊन त्याच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम आठवे. धाकट्याने टेप न घेतल्यास किंवा अन्य कारणाने ती त्याला न मिळाल्यास, वकीलबाईंनी ती स्वतःसमोर पुसून घ्यावी. भाच्याने रडारड केली तरी त्याच्या हाती लागू देऊ नये. मृत्युपत्राची अंमलबजावणीही वकीलबाईंनीच करावी.

इथवरचा मसुदा वाचून वकीलबाईंनी चष्मा काढला. "काका, म्हणजे तो शिव्या द्यायला लागेल तेव्हा तुम्ही तिथे नसणार. सोय चांगली केलीत." चार दिवस माझा नुसता संताप झाला. बाई आहे की करवत. पाचव्या दिवशी मसुद्याची नक्कल काढली आणि बहिणीच्या हाती धाकट्याकडे पाठवली. वर लिहिले, रविवारी दहाला सही आहे, यायचे तर ये.

पुरवणी, सहीच्याच दिवशी लिहिलेली. धाकटा पावणेदहाला आला. केस पांढरे, नखांत छपाईची शाई. चहा नको म्हणाला. "टेप लाव," म्हणाला. हेडफोन घालून खिडकीकडे तोंड करून बसला आणि एक्केचाळीस मिनिटे हलला नाही. इस्त्रीवाला, कारकून, वकीलबाई, मी, चौघेही उभेच होतो. शेवटी त्याने हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

"सॉकेट दोनच होती?"

"दोनच."

"आणि बोर्ड मालकाच्या केबिनमध्ये."

"हो."

"मागून आणता आला असता."

"आला असता," मी म्हणालो.

मी माफी मागायला तोंड उघडले तर त्याने हात वर केला. "एकतीस वर्षं त्या मशीनच्या आवाजात मोजतोय मी, नक्की कुठे चुकलो ते," तो म्हणाला. तो ओरडला असता तर मला सोसले असते.

कारकून साक्षीदाराच्या जागेवर सही करायला वाकला, तेव्हा धाकट्याने त्याच्या हातातून पेन घेतले. वकीलबाईंनी त्याला थांबवले आणि स्पष्ट सांगितले की सही केली की टेपवरचा हक्क जातो, मग कलम आठ लागू होते, ती पुसली जाईल आणि जगाला खरे कधीच कळणार नाही.

"वाचलंय मी," तो म्हणाला आणि त्याने सही केली. खाली काय लिहिले ते मी चष्मा लावून नंतर वाचले.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मला वाचून दाखवला गेला, तो खरा आहे आणि त्यातले काहीही मला भूषणावह नाही.

ठिकाण : राहते घर, दुकानाच्या वर
दिनांक : १६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटे

लिहून ठेवणार : (सही) थिएटरचा वायरमन

साक्षीदार क्रमांक एक : (सही) समोरचा इस्त्रीवाला. 'मी त्या कार्यक्रमाला नव्हतो.'

साक्षीदार क्रमांक दोन : (सही) लिहून ठेवणाऱ्याचा धाकटा भाऊ. 'टेप ऐकली. ठेका बरोबर होता. मला कळलं, पुरे झालं, टेप पुसावी. दादाला माफ केलं असं कोणी समजू नये. पुढच्या रविवारी दहाला येतो.'