सापाचा बिल्ला आणि लाल क्रॉसची पट्टी

बाबा, काल तुमची काळी पेटी उघडली. घराला रंग द्यायचा होता म्हणून ती हलवावी लागली, नाहीतर तुम्ही गेल्यापासून अकरा वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. वरच तुमची फौजेतली टोपी होती आणि तिच्यावर तो पितळी बिल्ला, काठीला वेढे घातलेला साप, भोवती पानांची माळ. दर रविवारी अंगणात बसून तुम्ही तो चिंचेने घासायचात, त्यामुळे सापाचं तोंड झिजून सपाट झालंय. शाळेतल्या पोरी मला चिडवायच्या, "तुहा बाप गारुडी हाय काय?" मी रडत घरी आले तर तुम्ही हसला नाहीत. "साप कात टाकते अन् नवा होते. दुखणेकऱ्यानंही तसंच उठून बसावं, म्हणून तो आमच्या टोपीवर," म्हणालात, आणि टोपी माझ्या डोक्यावर ठेवून बिल्ला बरोबर डाव्या डोळ्याच्या वर आणलात.

टोपीच्या खाली दंडावर बांधायची पांढरी पट्टी आहे, लाल क्रॉसची. ती बांधून मी एकदा गल्लीभर पळाले होते. तुम्ही माझ्यावर आवाज चढवला तो तेवढाच. "सोड ते! हे बांधलेल्यावर कोणी गोळी झाडत नाई, काऊन का तो दोन्हीकडचे जखमी उचलते. एकानं खोटं बांधलं, का उद्या खऱ्यावरचाही भरोसा जाते."

मग मी दहावीत असतानाची ती दुपार. कापसाच्या गाड्या शेतांमधल्या पांदणीच्या वाटेने न्यायच्या का नाही, यावरून दोन घरांत काठ्या चालल्या, त्यातलं एक घर काकांचं. दगडांचा आवाज आपल्या ओट्यावर येतो आहे. आई पेटीतून पट्टी काढून तुमच्यासमोर धरते, "हे बांधून जा, कोणी मारणार नाई." तुम्ही ती तिच्या हातातून घेऊन घडी करता, परत ठेवता. "ते फौजेचं हाय. इथं मले हक नाई." आणि औषधांची पिशवी घेऊन तसेच निघता. मी मागून धावते. पांदणीच्या तोंडाशी एक दगड तुमच्या भुवईवर बसतो, तुम्ही थांबत नाही.

काकांचं डोकं फुटलं होतं, दुसऱ्या घरच्या माणसाच्या मांडीतून रक्त उसळत होतं. तुम्ही आधी त्याच्याजवळ बसलात, रक्त येत होतं तिथे रुमाल घट्ट दाबून धरलात. काका ओरडले, "भाऊ कोण हाय तुहा, तो का मी?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "तुहं डोकं थांबू शकते, त्याचा पाय नाई." त्याला जीपमध्ये घालून आदिलाबादला पाठवलंत आणि मगच काकांकडे वळलात. तुमची भुवई शेवटी आईने पुसली.

काका वर्षभर आपल्या दारात आले नाहीत. मीही चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. वाटलं होतं, आपल्या माणसाला सोडून परक्याला जपणारा हा कसला बाप. पण तो माणूस वाचला. पुढच्या पेरणीला त्याने स्वतःच्या बांधालगत दोन तास, म्हणजे पिकाच्या दोन ओळींएवढी, जागा मोकळी सोडली, या वेळी कोणी मागितली नव्हती. काकांची गाडी तिथून गेली. त्याच संध्याकाळी काका आले, ओट्यावर बसले आणि आईला म्हणाले, "वैनी, चहा मांडा." माफीबिफी कोणी मागितली नाही. तुम्ही फक्त त्यांच्या डोक्यावरची खूण बोटांनी चाचपून पाहिलीत.

मी नर्स झाले ते तुमच्यामुळे, हे सगळ्यांना सांगते. तुम्हाला मात्र जे सांगायचं ते या कागदावरच राहील, कुणाच्या हाती देणार नाही. मागच्या महिन्यात दवाखान्यात एक नवराबायको आले. त्याने दारू पिऊन तिला मारलं होतं, आणि मारताना काचेवर पडून स्वतःचा हात फाडून घेतला होता. जखम त्याची मोठी होती, बाबा. मला दिसत होतं. तरी मी आधी तिच्या ओठाला कापूस लावला, सावकाश, लागत होता त्याहून जास्त वेळ.