पायाळूचा पाय

आई,

मी घाबरले आहे. हे तुलाच सांगते, कारण बाकी सगळे काय करायचं ते मलाच विचारतायत. आळेफाट्याच्या अलीकडच्या एका दवाखान्यात बाकावर बसले आहे. समोरच्या रस्त्यावरून कांद्याचे ट्रक जातात तशा खिडकीच्या काचा थरथरतात. तुझी नात आत आहे. तू तिला पाहिलं नाहीस, पण ती तुझ्यासारखीच खालचा ओठ दाबून दुखणं गिळते. तिला नववा महिना लागलाय आणि पोटातलं बाळ डोकं वर नि पाय खाली करून बसलंय. म्हणजे काय, ते तुला समजावून सांगायची गरज नाही. तू ते भोगलंयस, आणि तुला ते भोगायला लावणारं बाळ मीच होते.

डॉक्टरीणबाई सकाळी म्हणाल्या, पोटावरून हातांनी बाळ हळूहळू फिरवून बघता येतं. जमलं तर डोकं खाली येतं, नाही जमलं तर सिझेरियन. दरवेळी जमतंच असं नाही. कधी फिरवताना बाळाचे ठोके उतरतात, मग तिथल्या तिथे थांबायचं, आणि वेळ आलीच तर ऑपरेशनची तयारी शेजारच्या खोलीत असतेच. त्यांनी काही लपवलं नाही. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे मान वळवली. "आई, हे हातांचं काम आहे. तुझा जन्म यातच गेलाय. तू सांग, करू का?" आता यावर काय म्हणणार? मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "करून बघू या." माझ्या एका शब्दावर ती आत गेली गं. काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू?

मी काय काम करते, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. माझं शिक्षण संपायच्या आत तू गेलीस. मी फिजिओथेरपी शिकले, मग पुढे ऑस्टिओपॅथी. हाडं, सांधे, स्नायू हातांनी चाचपायचे, कुठे धरलंय ते शोधायचं आणि हातांनीच मोकळं करायचं. आता पोरापोरींना तेच शिकवते, आणि जुन्नरला एका भाड्याच्या खोलीत कंबरदुखीवर अभ्यास चालवलाय. येणाऱ्यांतल्या निम्म्यांना खरा उपचार देतो. निम्म्यांच्या कंबरेवर नुसता हात ठेवतो, काहीही न करता. तसं त्यांना आधी सांगितलेलं असतं, फक्त कोणाला काय मिळालं ते सांगत नाही. आणि नुसता हात ठेवलेली माणसंसुद्धा उठून म्हणतात, "लई हलकं वाटतंय बघा मॅडम." सोबतचे लोक डोकं खाजवतात. मला मात्र हे माणूस उठून बसण्याचं दृश्य लहानपणापासून ओळखीचं आहे.

पहाट आहे. चूल अजून पेटलेली नाही. पडवीत कोणीतरी कमरेवर हात ठेवून वाकडं उभं आहे. "पोरगी उठली का? उसण भरलीय, श्वास घेऊ देत न्हाई." तू मला उठवतेस, तांब्यातल्या पाण्याने माझा डावा पाय धुतेस. थंडगार पाणी. मी कुरकुरते. ते माणूस घोंगडीवर पालथं पडतं, आणि तू माझा दंड धरून मला उभी करतेस, कारण मी पायाळू, पायांकडून जन्मलेली, आणि पायाळूचा पाय लागला की उसण उतरते असं साऱ्या डोंगरपट्ट्याला ठाऊक आहे. तीनदा पाय लावायचा. मग ज्याला पाय लावला त्याच्या पाया पडायचं, कारण मोठ्या माणसाला पाय लागलेला असतो. किती गंमत वाटायची मला त्याची! आधी लाथ, मग नमस्कार. एकदा मला चिडवणारा एक दांडगा बाप्या पालथा पडला होता, तर मी दिली ठेवून चांगलीच. तो ओरडला. तू सगळ्यांदेखत माझ्या पाठीत धपाटा घातलास. "पाय लावायचा, लाथ न्हाई मारायची. पायाखाली माणूस हाय, भुई न्हाई." आज वर्गात पहिल्या दिवशी मी पोरांना हेच सांगते, फक्त पायाच्या जागी हात म्हणते. पोरं वहीत उतरवून घेतात. त्यांना वाटतं पुस्तकातलं आहे.

आणि तुझी स्वतःची कंबर? भाताच्या आवणीला, रोपं लावताना, सगळ्या बाया वाकून सरळ व्हायच्या, तू मात्र गुडघ्यावर हात टेकून, टप्प्याटप्प्याने उभी राहायचीस. हंडा उतरवताना तुझा ओठ दाबला जायचा. साऱ्या गावाची उसण मी उतरवतेय आणि घरातली तशीच, हे मला झेपेना. एकदा पडवीत बाया बसलेल्या असताना मी म्हणाले, "आई, तुझ्या कमरेला लावू का पाय?" तू हसलीस. "माज्या कमरंला नगं बाई. एकदा लागला तेवढा पुरं." काय खिदळल्या बाया! मीही खिदळले, कशाला ते न कळता. पुढे तू गेल्यावर आत्याने सांगितलं. पाय आले, धड आलं आणि डोकं अडकलं. सुईणीने हात टेकले. बाहेर सगळे दोघींतली एक तरी राहू दे म्हणत बसले होते. मी आले, तू राहिलीस, पण कंबर गेली ती गेलीच. तेव्हापासून तुझं ते वाक्य आठवलं की मला हसू येत नाही. आई, तू किती घाबरली होतीस? तेवढं तरी सांगायचंस. मला आज त्याचा उपयोग झाला असता.

बोलावतायत. जाते.

परत आले. मघापेक्षा अक्षर वाईट आलंय, समजून घे.

आत गार होतं. लेकीच्या पोटाला पट्टे बांधलेले, आणि यंत्रातून बाळाचे ठोके खोलीभर ऐकू येत होते, घोडा दौडवावा तसे. डॉक्टरीणबाईंनी पोटाला चिकट मलम लावलं. "मॅडम, तुम्ही तिच्या डोक्याशी उभ्या राहा. पोट फार कडक धरलंय तिने, सैल सोडायला सांगा." मी शेकडो माणसांना सैल सोडायला लावलंय गं, पण इथे मी ठोकेच मोजत राहिले. मी तिच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. बाईंनी एका हाताने बाळाचा खालचा भाग वर उचलला, दुसऱ्याने डोकं पुढे ढकललं. कातडीखालून तो गोल उंचवटा सरकताना मला स्वच्छ दिसला. आला, बाजूपर्यंत आला. "येतंय हं," बाई म्हणाल्या.

आणि ठोके संथ झाले.

घोडा थकला. एक ठोका, मग दुसरा येईचना. बाईंनी झटकन हात काढले. नर्सने लेकीला कुशीवर वळवलं. लेक माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं, मी त्या यंत्राकडे बघत होते. मी "करून बघू या" म्हणाले होते, मी. देवाला हाक मारायचं सुचलं नाही. मी तुला हाक मारली, मोठ्याने, पाचवीतल्या पोरीसारखी "आये" म्हणून. सगळ्यांना वाटलं कळवळ्याने ओरडली असेल. मग ठोके हळूहळू वर आले, पुन्हा घोडा दौडायला लागला, आणि तो उंचवटा आपला सरकत सरकत जुन्या जागी जाऊन बसला. "बास," बाई म्हणाल्या. "बाळ छान आहे, पण आता परत नाही करायचं. आज इथेच राहू द्या, लक्ष ठेवू. सोमवारी सिझेरियन करू." कुणाचं ऐकायचं नाही हा बाळाचा गुण कुठून आला ते मी सांगायला नको.

बाहेर विहीणबाई बसल्या होत्या. पेठहून सकाळीच आल्यात, पिशवीत भाकरी, ठेचा, सगळं घेऊन. ऐकून म्हणाल्या, "बरं झालं म्हणते मी. पायाळू हाय, नशिबाचं हाय, त्याला कशाला फिरवायचं?" मग जरा विचार करून हळूच विचारलं, "पर वो ताई, पोट चिरून काढल्यालं पायाळू धरत्यात का?" मला इतकं हसू फुटलं की शेवटी डोळे पुसावे लागले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "घाबरू नका. तुमीच घाबरल्या तर पोरीनं कुणाकडं बघायचं?" हेच तर, आई. हेच कोणी मला सांगू नये असं वाटत होतं.

लेकीला वॉर्डात आणलं. पलंग खिडकीशी. दुपारीच आभाळ काळं झालं आणि डोंगराकडून गडगडलं. पायाळूवर वीज पडते म्हणून तू गडगडाट झाला की मला माजघरात कणगीआड ओढायचीस आणि स्वतः दाराच्या बाजूला बसायचीस, म्हणजे आलीच तर आधी तुझ्यावर. विजेला कोण कसं जन्मलं ते कळत नसतं, हे मला पक्कं माहीत आहे. तरी मी नर्सला म्हणाले, "पलंग जरा आत घेता का? वाऱ्याचा झोत येतोय." खिडकी बंद होती. लेक हसली. "आई, पायाळू तू आहेस, मी नाही." मी म्हणाले, "आत कोण बसलंय?" मग ती हसायची थांबली आणि पोटावर हात ठेवला. तिलाही भीती आहे, पण आज ती तिनेही बोलून दाखवली नाही आणि मीही.

थोड्या वेळाने म्हणाली, "कंबर पार आखडलीय. तू गोष्टी सांगायचीस ना, तसा लाव पाय."

"इथे? कुणी बघितलं तर?"

"लाव गं."

मी न्हाणीत जाऊन डावा पाय धुतला. पाणी थंडगार होतं. ती कुशीवर होती. मी पलंगाच्या कडेला तिच्या मागे बसले, पाय उचलला आणि तळवा तिच्या कमरेवर टेकवला. तीनदा. अगदी हलका. मग वाकून तिच्या पाया पडले, ती "अगं, अगं" म्हणत असताना.

"बरं वाटलं?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. लगेच म्हणाली, आणि खालचा ओठ दाबून म्हणाली.

तू का नको म्हणायचीस, ते मला या वयात, त्या पलंगाच्या कडेवर कळलं. पाय लावून घेतला असतास तर मी असंच तोंड वर करून विचारलं असतं, आणि तुला मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. त्यापेक्षा तू हसण्यावारी नेलंस.

आता ती झोपलीय. गडगडाट आळ्याच्या पलीकडे गेला. हा कागद मी पर्समध्ये ठेवणार आहे. तुझा पत्ता काय घालायचा? पण सोमवारच्या आत मी हा कागद फाडणारही नाही. एकच सांगायचं राहिलं. माझ्या अभ्यासात मी एक नियम घालून दिलाय आणि त्यासाठी पोरांना ओरडते सुद्धा. ज्याने हात लावला त्याने बरं वाटलं का विचारायचं नाही. माणसं भिडेपोटी हो म्हणतात. विचारायला दुसऱ्याला पाठवायचं. विहीणबाई बाहेर बाकावरच बसल्या होत्या, आई. मी त्यांना आत पाठवलं नाही.