काचेला लागलेलं चीज

ती. ओदील मावशीस,

दोन्ही गालांवर तिबोचे मुके. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला थांबला असेल. मी अगदी मजेत आहे. (हे वाक्य पत्र संपेपर्यंत लक्षात ठेव.)

नाताळच्या जेवणात मी सांगितलं होतं, की सच्छिद्र काचेतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांत कोंडलेलं पाणी शून्याखाली दहा अंशांवरही गोठत नाही. इतक्या दाटीत बर्फ मांडायला त्याला जागाच मिळत नाही. त्यावर काका म्हणाले होते, "मग माझा नळ दर जानेवारीत का फुटतो रे, शहाण्या?" नळ रुंद असतो, मावशी, एवढंच. त्या दाटीत पाणी हलतं कसं हे बघायला दोन वर्षं अर्ज केल्यावर मला इथल्या न्यूट्रॉनच्या यंत्रावर तीन दिवस मिळालेत, येत्या सोमवारपासून. ते हुकले तर सप्टेंबरात माझी नोकरीही गेली.

आता तू पाठवलेलं चीज. उत्तमच होतं, पण ऑफिसच्या फ्रिजमधून त्याला सर्वानुमते हाकललं. (ही शहरातली माणसं, त्यांना पिकलेल्या चीजची कदर नाही.) म्हणून ज्या काचेच्या चकतीवर प्रयोग करायचाय, तिच्याच कपाटात मी ते ठेवलं. ही काच पाणी पिते तसा वासही पिते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. आठवड्यात चकती पिवळीधमक झाली. आमच्या प्रमुख व्होत्रँ मॅडमनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, "तिबो, आपण पाणी मोजणार आहोत की तुझ्या मावशीचं चीज?" मग चीज पुरावा म्हणून जप्त करून घेऊन गेल्या. मला फार लाज वाटली.

पण घाबरायचं कारण नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये उकळली की चकती पुन्हा पांढरी होते. फक्त ऑगस्टच्या सुट्ट्या चालू आहेत, आणि रसायनांच्या खोलीची किल्ली खिशात घेऊन आमचे भांडारवाले समुद्रावर गेलेत. तरीही मी निश्चिंत आहे.

तुझा,
तिबो

ता.क. तुझ्या सलूनमध्ये केस सोनेरी करायचं जे पाणी असतं, ते हेच पेरॉक्साइड. शनिवारच्या बसने एक बाटली पाठव. पातळ, बिनसुगंधी, आणि तुझ्या मनाने त्यात काही घालू नकोस. (चर्चमधल्या माझ्या पहिल्या समारंभाआधी माझ्या केसांना लावताना घातलं होतंस, ते फोटोत अजून दिसतं.)

ता.क. २ मॅडमना सांगितलंय, की माल डोंगरातल्या एका जाणकार बाईंकडून येतोय, त्यांना या रसायनाचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. यात एक शब्द खोटा नाही. बाटलीवरच्या सोनेरी केसांच्या पोरीचा फोटो तेवढा खरवडून टाक.

ता.क. ३ सोबत दोन चीज ठेव. पुरावा मॅडमनी संपवला, आणखी आहे का विचारत होत्या.