बोरगावच्या माळावर आई उडाली

सौसर, ९ फेब्रुवारी १९८७

प्रिय भाऊ,

आधी मोठी बातमी, मंग बाकीचं. आपली आई काल उडाली! खरंच, पॅराशूट बांधून, दीडशे फूट वर. लिहून राहिली तरी मला अजून पटत नाही.

तुला तर माहीत आहे ती कशी. माळ्यावरचा डबा काढायचा तरी शेजारच्या देवकाबाईला हाक मारते. संत्र्याच्या तोड्याला सगळ्या बाया शिडीवर, अन् आपली मास्तरीण खाली बसून फळं निवडते. मागच्या वर्षी माझ्या हॉस्टेलच्या गच्चीवर आली तर भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभी! सत्तेचाळीस वर्षांची बाई.

म्हणून आमच्या कॉलेजच्या अॅडव्हेंचर क्लबचं पॅरासेलिंग बोरगावच्या माळावर ठरलं, तेव्हा मी तिला फक्त पाहायला बोलावलं होतं. जीपला दोर, दोराला माणूस, त्याच्या पाठीवर पॅराशूट. तुला काय सांगायचं म्हणा, तू तर फौजेत पॅराशूटच्या उड्याच शिकून राहिला. शनिवारी मी नागपूरहून घरी आली, अन् संध्याकाळी जेवताना आई अचानक म्हणते, मी बी उडते. बाबांना ठसकाच लागला. म्हणाले, सरला, तुला स्टुलावर चढवत नाही अन् आभाळात काय करशील? ती म्हणाली, म्हणूनच तर. काऊन, ते काही सांगितलं नाही.

सकाळी माळावर ही गर्दी! आमचे श्रीकांत सर म्हणाले, काकू, पट्टे पायांमधून घ्यावे लागतात, साडीवर बसणार नाहीत. मी माझी पॅन्ट पुढे केली. आई म्हणाली, समोर माझ्या वर्गातल्या पोरी उभ्या आहेत, मी नाही घालत. झालं, मला वाटलं संपलं. तेवढ्यात देवकाबाई उठल्या. अवो मास्तरीणबाई, कासोटा कायसाठी असते मंग? दोघी जीपच्या मागे गेल्या, बायांनी चादर धरली, अन् आई बाहेर आली ती देवकाबाईचं हिरवं लुगडं नेसून, कासोटा घट्ट खोचून. देवकाबाई आईच्या गोल साडीत, जन्मात पहिल्यांदा, लाजून चूर. सरांनी पट्टे आवळले, ओढून पाहिले अन् म्हणाले, काकू, हे तर पॅन्टपेक्षा बेस्ट बसलं!

जीप निघाली. आई चार पावलं पळाली अन् फतकल मारून मातीत बसली. सरांनी शिट्टी मारली, जीप थांबली. गर्दीतून कोणी ओरडलं, बाई, उडायचं हाय का बसायचं हाय? सगळे हसले. बाबा म्हणाले, पुरे झालं, घरी चल. आईने पट्टे सोडले, पाणी प्यायली. मंग उठली. सर, पुन्हा बांधा.

या वेळेस ती पळाली. पाच, सहा, सात, अन् आठवं पाऊल हवेतच! आधी अशी किंचाळली की कडुनिंबावरचे कावळे उडाले. अन् मंग वरून आवाज आला, देवकाबाई, तुमचा बगीचा दिसून राहिला! खाली बाबा तिच्या चपला दोन्ही हातांत घेऊन जीपच्या मागे पळून राहिले होते, जशी काही ती उतरल्या उतरल्या बाजारात जाणार होती. उतरली, पडली, लोळली, अन् इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. आख्खा माळ शिट्ट्या मारून राहिला होता.

आता हे पत्र काऊन, ते सांगते. घरी आल्यावर आईने पोलक्यातून घामाने ओला झालेला एक कागद काढला. तुझं पत्र. तू मला हॉस्टेलवर लिहिलेलं, की उडी न मारताच विमानाच्या दारातून परत फिरलो, तेवीस तारखेला शेवटचा चान्स आहे, नापास झालो तर घरी तोंड दाखवणार नाही, अन् आईला सांगू नको. मी नाही सांगितलं रे, शनिवारी माझ्या बॅगेत तिला सापडलं. ते अंगाशी घेऊनच ती वर गेली. तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते: त्याला लिही, पहिल्या वेळेस मी बी खाली बसली. दुसऱ्या वेळेस भीती गेली नव्हती, ती बी माझ्यासोबत वर आली. उडी मार, नाही जमली तर नको मारू. पण घरी ये. लोकं हसलेच तर आधी माझ्यावर हसतील.

तेवीसची वाट पाहणारी,
तुझीच,
जयू