पाण्याकाठची हाक

१९ मे, व्हॅलेटा

पोचले. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो. पडदा ओढून घेतला.

२० मे

सकाळी चंद्रकुमार घ्यायला आला. गोंदियाचा, माझा धाकटा भाऊ गुलशन याच्या खोलीतला. दोघं इथल्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात होते. त्याला मराठी समजतं, बोलतो मात्र हिंदीच. वाटेत त्याने मटार भरलेलं काहीतरी गरमागरम हातावर ठेवलं. म्हणाला, "मटर की करंजी, दीदी. गुलशन यही बोलता था." मी हसले. 

शहर दगडाचं, सगळं एकाच रंगाचं – आमच्याकडे उन्हाने पांढुरक्या पडलेल्या धानाच्या तणसासारखं. रस्ते सरळ खाली उतरतात आणि प्रत्येकाच्या टोकाला पाणी. कुठल्याही गल्लीत वळा, पाणी समोर येऊन उभं! घरांना लाकडी बंद सज्जे – हिरवे, लाल. त्यांच्या काचांमागे कोणीतरी आहे असं सारखं वाटतं.

एका खाणावळीच्या मागच्या दारात एक माणूस पाठमोरा बसून कांदे सोलत होता. मान तीच, गुलशनची. खांदा पुढे टाकून बसायची रीतही तीच – सडक अर्जुनीच्या ढाब्यावर कणीक मळताना बसायचा तसा. मी थांबले. तो वळला.

दुसराच कोणी.

२१ मे

लिहून काढते, म्हणजे डोक्यात गरगरणं थांबेल.

फेब्रुवारीत सुटीच्या दिवशी गुलशन तटबंदीखालच्या खडकांवर गळ घेऊन गेला. दुपारनंतर वारा सुटला. तो परत आला नाही. खडकावर बूट सापडले, शेजारी शेजारी ठेवलेले. बाकी काही नाही. पोलिसांनी बरेच दिवस शोधलं. बूट असे नीट ठेवलेले पाहून त्यांनी चंद्रकुमारला विचारलं – तो उदास होता का? त्याने स्वतःहून तर...?

त्यांना कोण सांगणार! गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथे तळ्यात पायताण घालून कोणी उतरत नाही. काठावर काढून ठेवायचं, पोटरीभर पाण्यात जायचं आणि मग गळ टाकायचा. लहानपणापासून तेच केलं त्याने. तळं माणसाला ओढत नाही. समुद्र ओढतो, हे त्याच्या पायांना कुठे माहीत होतं.

हे माझं म्हणणं. चंद्रकुमारचं वेगळं.

"निकल गया होगा, दीदी. इटली की बोट यहीं से छूटती है. पासपोर्ट भी तो नहीं मिला. कितने लड़के जाते हैं, साल-साल भर फोन नहीं करते."

पासपोर्ट गुलशन कायम खिशात ठेवायचा. मला माहीत आहे.

तरी दिवसभर ते वाक्य तोंडात घोळवत राहिले. निकल गया होगा.

२२ मे

आमच्यात माणूस घराबाहेर मेला की घरातलं कोणीतरी पाण्याकाठी जातं. नाव घेऊन हाक मारायची. पाण्यात हात घालायचा. पहिला जो जीव हाताला लागेल – मासोळी, झिंगा, किडा – तो घरी आणायचा; त्याच्या रूपाने गेलेला माणूस घरी येतो. येताना मागे वळून पाहायचं नाही. बा परगावी दवाखान्यात वारला तेव्हा बुधरामकाकांनी पळसाच्या द्रोणातून एवढासा झिंगा आणला होता. मायने पदर डोक्यावर घेतला, ओंजळ पुढे केली. म्हणाली, "आला." घरातल्या पुरख्यांच्या, वाडवडिलांच्या कोपऱ्यात बाला जागा मिळाली. त्यानंतर ती जेवायला लागली.

गुलशनसाठीही तिला हेच हवं आहे. रोज त्याचं ताट वाढते, झाकून ठेवते, सकाळी गाईपुढे ठेवते. स्वतः दोन घास खाते न खाते. व्हिसा येईपर्यंत तिची हाडं दिसायला लागली. म्हणून मी आले.

पण निघताना दारात तिने माझं मनगट धरलं. "चमे, पक्कं समजल तवाच हाक मारजो. जित्याले मारली त त्याचा जीव वढून येते."

मी शाळेत शिकवते. हे सगळं मी मानते की नाही, ते आजवर कोणी विचारलं नव्हतं. आता पाणी विचारतंय. रोज सकाळी, पडद्यामागून.

२३ मे

बंदरात लहान होड्या. प्रत्येकीच्या नाकाशी दोन डोळे रंगवलेले. मी काठाने चालले की डोळे माझ्याबरोबर.

२४ मे

त्यांची खोली पाहिली. गुलशनच्या खाटेवर आता दुसरं कोणीतरी झोपतं. उशीजवळ कोणा परक्या बाईचा फोटो.

बूट वर गच्चीत होते, शेजारणीच्या कुंड्यांमध्ये. चंद्रकुमार मान खाली घालून म्हणाला, आत ठेवायची भीती वाटली. माफी मागत होता. कुंड्यांतल्या वाळक्या काड्यांना पांढऱ्या गोगलगायी चिकटलेल्या, शंखात मिटून. मला हसवायला म्हणून तो म्हणाला, "ये लोग इनको भी पका के खाते हैं, दीदी." मग थोड्या वेळाने – गुलशन त्याला सांगायचा म्हणे, माझी बाई इथे आली ना, तर आल्या आल्या सगळ्यांची हजेरी घेईल.

बाई. तो मला बाईच म्हणायचा. ताई कधी नाही.

बूट उन्हाने कडक झालेले. एका बुटाला नाडीऐवजी सुतळी. धानाच्या पोत्याची गाठ असते तशीच गाठ. आत बघवलं नाही. तसेच पिशवीत घातले, तोंड बांधलं.

२५ मे

आज खडकावर गेले. चंद्रकुमार वर पायऱ्यांशी थांबला.

पाणी इतकं नितळ की तळाचे दगड मोजावेत. आवाज जवळजवळ नाही. चपला काढल्या. काढल्यावर लक्षात आलं, आपण काय केलं ते. त्यानेही इथेच काढले असतील.

तोंड उघडलं. जिभेवर नाव आलं.

त्याच वेळी वाटलं – तो कुठल्यातरी गावात कांदे सोलत बसला असेल. पाठमोरा. आणि माझी हाक मानेवर पडेल.

नाही मारली. मनातसुद्धा नाही. पाण्यात हात घातला नाही. चपला घातल्या आणि परत चढताना मुद्दाम मागे वळून पाहिलं. पायरीपायरीला पाहिलं. कोणी मागे येत असेल तर त्याने येऊ नये, जिथे आहे तिथेच जगावं म्हणून.

 वर चंद्रकुमारने माझ्या हातातली पिशवी घेतली.

२६ मे

विमानात. पिशवी पायांशी. पाय आखडून बसले.

२ जून, घरी

शाळेची कामं होती, म्हणून गावी यायला आजचा दिवस उजाडला. खरं तर मायसमोर जायचा धीर नव्हता.

तिने आधी माझे हात पाहिले. रिकामे. मग पिशवी पाहिली. मी बूट बाहेर काढून ओसरीत ठेवले.

"हाक नाई मारली?"

"नाई, माय. पक्कं नाही समजलं."

ती बराच वेळ सुतळीच्या गाठीकडे पाहत होती. मला वाटलं, चिडेल. इतक्या लांब पाठवलं ते कायले, म्हणेल.

"बरं केलं," म्हणाली. "मंग येऊन राहिला असन पोट्टा. येईल चालत."

आणि उठून चूल पेटवली. ताट वाढलं, त्याचं. पण आज स्वतःही बसली. भात पुन्हा घेतला! बुधरामकाकांच्या घरी जाऊन सांगून आली की पोरगं जितं आहे. त्याच्या नंबरवर पैसे भर म्हणाली. अंथरुणावर पडल्या पडल्या झोपली.

मी जागी. हे मी काय करून ठेवलं? तिला जेवू घातलं की फसवलं? पण त्या पायऱ्यांवर पुन्हा उभं केलं, तरी मी हेच करीन.

३ जून

मायची पहाटेपासून लगबग. गोधड्या वाळत घातल्या. "त्याचे बूट पा कसे झाले. उद्या धुवून ठेवतो. आल्यावर घालन काय?"

घरात आले की त्याची चाहूल लागायची. आज नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

४ जून

मायने बूट धुवायला घेतले. चामडं मऊ व्हावं म्हणून आधी पाणी शिंपडून ओसरीत ठेवले आणि राख आणायला आत गेली. मी खांबाला टेकून बसले होते.

उजव्या बुटातून एक गोगलगाय बाहेर आली. पांढरी. तिथल्या गच्चीवरची. हळूहळू शिंगं काढली, ओल्या जमिनीवर उतरली आणि उंबरठ्याकडे निघाली.

माय राख घेऊन दारात उभी. राख तिच्या हातून सांडली. मग तिने पदर डोक्यावर घेतला, खाली बसली, ओंजळ पुढे केली.

"आला," म्हणाली.

मी हाक मारली नव्हती.