जहाजाच्या घड्याळाने दहा

२४ जून

निघालो एकदाचे! ब्रिस्बेनच्या धक्क्यावर रांगेत अडीच तास. जनेल म्हणत होती, "आई, सहलीच्या ग्रुपवर सांगितलंय, उशिरा आलं की रांग नसते." सगळा ग्रुपच उशिरा आला होता.

ब्रेटने घरून आणलेला प्लगचा बोर्ड तपासणीवाल्यांनी बॅगेतून काढून घेतला. आग लागते म्हणे. जावईबापू लालबुंद. "सासूबाई, तुमची चहाची पाकिटं बरी सुटली," म्हणाला. सुटणारच. चाळीस पाकिटं मोज्यात घालून आणली आहेत. जहाजावरच्या चहाला चहा म्हणवत नाही असं शेजारची पॅट म्हणाली होती, आणि ते खरं आहे.

खोली म्हणजे कपाट. चार माणसं, चार फळ्या, खिडकी नाही. दिवा घालवला की दिवस की रात्र काही कळत नाही. नात टालियाने लगेच वरची फळी धरली. बारा वर्षांची घोडी झाली तरी वरची फळी हवी. भिंती लोखंडाच्या, म्हणून जनेलने चुंबकाचे वीस हूक आणलेत — टोप्या, पिशव्या, ओले टॉवेल, सगळं भिंतीवर लटकतंय. माझी पिवळी टोपी दारामागे. मुद्दाम पिवळी घेतली. लांबून दिसेल अशी.

पाच दिवस राहिले.

२५ जून

नुसता समुद्र. गुडघे दुखतात आणि जहाज डावीकडे कलतं असं मला वाटतं. ब्रेट म्हणतो, "कलत नाही, तुम्ही जेवणाच्या बाजूला झुकलाय."

जनेलने काय करायचं, काय नाही याची यादी फ्रिजच्या दारावर लावली आहे. सकाळी सहाच्या आत टॉवेल टाकून खुर्च्या धरायच्या. पाण्याच्या बाटलीला पैसे पडतात, भरून आणायची. फोटोवाल्यापुढे हसायचं, फोटो घ्यायचा नाही. इंटरनेट घ्यायचं नाही. आणि शेवटी लाल पेनने: घड्याळ बदलू नका, जहाजाची वेळ तीच आपली वेळ. ते वाचून टालिया म्हणाली, "आई, तुरुंगात तरी खिडकी असते." मी इतकी हसले की दात हातात यायचा.

इंटरनेट घेऊनही काय उपयोग, नोलीचं उत्तर आलं असलं तर ते आता घरच्या पेटीत पडून असणार. निघायच्या दिवशी सकाळीही पेटी बघितली होती. विजेचं बिल आणि पिझ्झाचा कागद.

२६ जून

लिहून टाकते एकदा. कुणाला सांगितलेलं नाही, निदान कागदाला तरी.

जनेलला वाटतं, मी या सहलीला हो म्हटलं ते स्वस्त होती म्हणून. स्वस्त होतीच. पण त्याच भावात दुसरी दोन जहाजं होती. मीच हट्ट धरला, हीच हवी. ही लांबच्या एका बेटावर, लुगनविलला थांबते. तिथे माझी थोरली बहीण राहते. नोलीन.

एकोणचाळीस वर्षं झाली तिला पाहून. नर्स म्हणून दोन वर्षांसाठी गेली, आणि तिथल्या तोम मासिंगशी लग्न ठरवलं. सुतार. काळा. बाबा म्हणाले, "त्या लग्नाला जो जाईल त्याने या घरात परत यायचं नाही." नोलीने माझं विमानाचं तिकीट पाठवलं होतं. स्वतःच्या पगारातून. मी तिकीट कपाटात कपड्यांखाली ठेवलं आणि गेले नाही. नाही म्हणूनही कळवलं नाही. तिने चर्चमध्ये लग्न दोन तास थांबवलं होतं, हे मला पुढे दुसऱ्यांकडून कळलं. पायरीवर बसून होती, पांढऱ्या कपड्यात.

काही वर्षं नाताळचं कार्ड आलं. मग तेही थांबलं. बाबा गेले तेव्हा मी कळवलं, दोन ओळी. उत्तर नाही. बरोबरच आहे.

एप्रिलमध्ये पत्र टाकलं. सहलीच्या पुस्तकात होतं तसंच लिहिलं — एकोणतीस जून, दहा वाजता, धक्क्याच्या फाटकाबाहेर बाजारापाशी, पिवळी टोपी. माफी मागितली नाही. तीन वेळा लिहून फाडली. ती तोंडावर मागायची आहे, कागदावर मागणं म्हणजे पुन्हा न जाण्यासारखंच.

२७ जून

नुमेआचं बंदर. गर्दी. ब्रेटने ब्रेड विकत घेतला आणि जहाजाच्या दरवाजाशी येता येता जनेलने तो त्याच्याकडून संपवून घेतला, कारण ग्रुपवर लिहिलं होतं, बाहेरचं खाणं आत आणू देत नाहीत. अख्खा ब्रेड! बिचारा रडकुंडीला आला होता.

२८ जून

बाहेर लाटा. टालियाला ओकाऱ्या. हिरवं सफरचंद दिलं, माझी आई द्यायची तसं. नोलीला बोटीत असंच व्हायचं. मोर्टन बेटावर जाताना ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायची आणि म्हणायची, "लोरी, गप्पा मार, काहीही बोल." लोरी म्हणणारं आता कुणी उरलं नाही. सगळ्यांना मी लोरेल, आई, आजी.

उद्या काय बोलू? "काहीही बोल" म्हणाली तर बरं होईल.

टोपीला इस्त्री करता येत नाही. उशीखाली ठेवली आहे.

२९ जून

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

जहाज आठला लागलं. तिघं निळ्या पाण्याच्या डोहावर पोहायला जाणार होते. मी म्हटलं, माझा पाय दुखतो, मी बाजारात बसते. जनेलला संशय आला. "आई, तू? बसून राहणार?" ब्रेट म्हणाला, "राहू दे गं, सासूबाईंनी तिथे कुणी तरी गाठून ठेवलाय." मी लाजल्यासारखं केलं, तेवढ्यावर निभावलं.

दहाला पाच मिनिटं कमी असताना मी फाटकाबाहेर होते. बाजार म्हणजे झाडाखाली दहा-बारा बायकांची मांडणी. त्यातली एक, लेइसाले नावाची, तिने मला लाकडी खोका दिला बसायला. तिच्याकडूनच एक शहाळं घेतलं. मग दुसरं. मग तिसरं, कारण नुसतं बसायला लाज वाटायला लागली. समोरच्या रस्त्यावर, हार्डवेअरच्या दुकानापुढे ट्रक थांबायचे, मागून बायका उतरायच्या, आणि दर वेळी मी टोपी सरळ करून उभी राहायचे. मी दुसरीकडे कुठे पाहिलंच नाही, नुसती त्या ट्रकांकडे. एकदा एक पांढऱ्या केसांची गोरी बाई उतरली, मी दोन पावलं पुढेही गेले. आमच्याच जहाजावरची निघाली, भरतकामाच्या वर्गातली.

अकरा. बारा. लेइसालेने विचारलं, "मामा," — इकडे वडीलधाऱ्या बाईला मामा म्हणतात — "कुणाची वाट बघतेस?" म्हटलं, बहिणीची. तिने माझ्या हातात एक केळं ठेवलं. एक वाजता डावा पाय इतका ठणकायला लागला की चप्पल काढून चोळत बसले. भर रस्त्यात, कशाची म्हणून लाज राहिली नव्हती.

अडीचला जहाजाचा पहिला भोंगा झाला. मी उठले. तेव्हा लेइसाले रस्त्यापलीकडून आली आणि तिने माझ्या हातात एक पाकीट दिलं. वर लिहिलेलं — लोरी. ते 'ल'चं वळण! नोलीचंच.

"हे कधी आलं?"

"ती दहाला आली होती," म्हणाली.

"दहाला? मी दहापासून इथेच बसले आहे! मग आत्तापर्यंत दिलं का नाहीस?"

"आत्ताच द्यायला सांगितलंय," ती म्हणाली, आणि रस्त्याकडे बघायला लागली. गिऱ्हाईक बघत असेल.

तेवढ्यात तिच्या मांडणीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. साडेतीन. माझ्या मनगटावर अडीच. जहाजाची वेळ! इथे घड्याळ एक तास पुढे. फ्रिजच्या दारावर लाल पेनने लिहिलेलं रोज वाचत होते, आणि पत्रात मात्र नुसतं 'दहा' लिहून मोकळी झाले. नोली तिच्या दहाला आली. जहाजाच्या नवाला. बसली असेल, वाट बघितली असेल, आणि मी फाटकाबाहेर पाऊल ठेवायच्या आत निघून गेली असेल. पुन्हा. दुसऱ्यांदा मी तिला बसवून ठेवलं.

पाकीट उघडणार होते. अंगठा घातलाही होता. मग वाटलं, आत काय असणार? 'तू नाही आलीस' — एवढंच. ते तिथे, सगळ्यांसमोर वाचायची हिंमत झाली नाही. इतक्यात जनेल आली लांबून हात हलवत, ओले केस, "आई, चल, रांग लागलीय!" पाकीट पिशवीत कोंबलं.

जहाज सुटताना सगळे वर डेकवर गेले. मी खाली खोलीत. खिडकी नाही ते बरं झालं.

३० जून

दिवसभर डोकं दुखतंय म्हणून पडून. टालिया सांगत बसली, डोहात कासव दिसलं, बाबा घसरून पडले, धक्क्यावर मुलं नाचत होती. "सगळे हात हलवत होते, आजी. फक्त त्या हार्डवेअरच्या दुकानाच्या ओट्यावर एक आजी होती, ती नुसती बघत उभी होती. मी तिला खूप हात केला." म्हटलं, असेल, थकली असेल. आणि कूस बदलली.

जेवायला गेले नाही. ब्रेटने पेपर नॅपकिनमध्ये दोन बन पळवून आणले. चांगला आहे तसा.

१ जुलै

जनेलने पकडलंच. टोप्यांच्या हुकाकडे तोंड करून रडत होते, ती आंघोळीहून बाहेर आली. सगळं सांगितलं. तिकीट, चर्चची पायरी, घड्याळ.

ती माझ्या फळीवर येऊन बसली. मग म्हणाली, "आई, मला सांगितलं असतंस तर मी तुला नवाला हाताला धरून नेलं असतं."

"तुला सांगितलं असतं आणि ती आलीच नसती तर?"

"मग आपण दोघी बसलो असतो. पाकिटात काय आहे?"

"उघडलं नाही."

"आई!"

"शिव्या असतील."

"मग त्या तरी वाच. त्या वाचायलाही तू जाणार नाहीस का?"

माझ्या तोंडावर बोलली. माझीच लेक आहे. बरोबर बोलली, म्हणून जास्त लागलं. तरी पाकीट उशीखाली सरकवलं. म्हटलं, उद्या.

२ जुलै

ब्रिस्बेनचे दिवे विझायच्या आत वर डेकवर आले. पाकीट उघडलं. दवाखान्यात औषधाची चिठ्ठी असते तेवढा कागद.

"लोरी, जहाजाची वेळ इथे लहान पोरांनाही माहीत असते. तुझ्या दहालाच आले. समोर हार्डवेअरच्या दुकानाच्या ओट्यावर बसले आहे. तू शहाळ्याची नळी अजून चावतेस आणि पाय बाबांसारखा चोळतेस. चार वेळा उठले, रस्ता ओलांडता आला नाही. राग नाही गं, पाय उचलत नाहीत. आता तू ये. हे वाचलंस की मान वर कर, मी इथेच आहे."